‘मला वाटलं, तू घेतलंयस!’ – मित्रासोबतच्या दुचाकी सहलीतले घोळ आणि त्यावरचे उपाय

पावसाळी दुचाकी सहलींबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बिघाड गाडीचा असला, तरी बहुतेक ठिकाणी एक मित्रही त्यात आहेच. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मित्राची तारांच्या चाकांची साडेतीनशे सीसी आणि माझी अलॉयवाली दीडशे. ताम्हिणीत त्याचं मागचं चाक बसलं. माझ्याकडे पंक्चर किट होतं, पण ते त्याला चाललंच नाही. अर्धा दिवस टेम्पोची वाट बघण्यात गेला. पुढच्या वेळी काय काय न्यावं? (पुणे)

तुमचं किट ट्यूबलेसचं होतं. तारांच्या चाकात साधारणपणे ट्यूब असते, कारण रिममधल्या तारांच्या भोकांतून हवा निसटते. तिथे बाहेरून रबरी वात कोंबून काही होत नाही. दुचाकी दोन प्रकारच्या असतील, तर सामानही दोन प्रकारचं लागतं.

आधी ट्यूबवाल्या गाडीचं पाहू. सोबत न्यायचं ते असं : एक नवी ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर (तीन असतील तर उत्तम), आसाच्या नटाचा पाना, पक्कड आणि पंप. ट्यूब एकच नेणार असाल, तर पुढच्या चाकाची न्या. ती वेळेला मागच्या टायरमध्ये भरून गावापर्यंत जाता येतं. मागची जाड ट्यूब पुढे कोंबली तर घडी पडून फुटते. पाना घरीच लावून बघा. गाडीसोबत मिळालेला पत्र्याचा पाना गॅरेजवाल्याने पाय देऊन आवळलेल्या नटापुढे वाकतो.

चाक खोलल्यावर खरी अडचण येते ती टायरची कड रिमपासून सुटण्याची. पाय देऊन ती हलत नाही. इथे दुसरी गाडी कामाला येते. खोललेलं चाक जमिनीवर आडवं ठेवा, तुमची गाडी शेजारी उभी करून तिचा साइड स्टँड टायरवर, रिमपासून बोटभर अंतरावर टेकवा आणि गाडीचा भार हळूहळू त्यावर सोडा. कड खाली बसते. चाक थोडं थोडं फिरवत दोन-तीन ठिकाणी हेच करा. गाडी धरणाऱ्याने तोपर्यंत हँडल सोडायचं नाही.

ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून हात फिरवा, पण जपून, कारण खिळ्याचं टोक आतच असतं. नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते, त्याचं कारण बहुतेकदा तो न काढलेला खिळाच असतो. दुसरं कारण लिव्हर. ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा आधी भरा, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. टायर चढवायला वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि शेवट वॉल्व्हपाशी करा. शेवटचा वीतभर भाग चढत नसेल तर जोर लावू नका. समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग तो भाग सहज चढतो. साबणाचं पाणी लावलं तर काम आणखी सोपं होतं. ग्रीस किंवा ऑइल मात्र टायरला लावू नका.

आता तुमची ट्यूबलेस. खिळा दिसला की लगेच उपटू नका. वात, आरी आणि पंप हाताशी येईपर्यंत तो तिथेच राहू द्या, तोच बूच आहे. काढताना तो सरळ गेलाय की तिरका ते पाहा. त्याच कोनात आरी घालून दोन-चार वेळा आत-बाहेर करा. सुईच्या नाकात वात अर्ध्यावर ओवा, सोल्यूशन लावा, बाहेर साधारण एक सेंटीमीटर टोकं राहतील इतकी आत दाबा आणि सुई एका झटक्यात बाहेर ओढा. सुई पिळू नका, वात तिच्यासोबत बाहेर येते. मग हवा भरा आणि थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. पंक्चर टायरच्या बाजूच्या भिंतीवर असेल, तर वात लावून पुढे जाऊ नका. ती भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि वात बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्या हलक्या म्हणून लोक आवडीने घेतात, पण १६ ग्रॅमच्या एका नळकांडीत मोटारसायकलचं मागचं चाक नीट भरत नाही, दोन-तीन लागतात. आमचं मत साध्या पायपंपाच्या बाजूने आहे.

आणि कुणी काय न्यायचं याबद्दल : ट्यूब, क्लच वायर, चेनलॉक, प्लग या ज्याच्या त्याच्या गाडीच्या वस्तू ज्याने त्याने न्याव्यात. पाने, पंप आणि औषधांची पेटी मात्र मागून येणाऱ्याकडे असावी. पुढचा बंद पडला तर मागचा सामान घेऊन पोहोचतोच. मागचा बंद पडला तर सामान त्याच्यापाशीच असतं. उलट केलंत तर पुढचा सगळी हत्यारं घेऊन वीस किलोमीटर पुढे चहा पीत बसलेला असतो.

प्रश्न : कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला मित्राच्या गाडीची क्लच वायर तुटली. तो म्हणाला, क्लचशिवाय चालवत नेतो. मी नको म्हटलं. बरोबर कोण? (चिपळूण)

दोघेही, थोडे थोडे. सपाट रस्त्यावर क्लचशिवाय गाडी नेता येते. घाट चढताना मध्येच ट्रकमागे थांबावं लागलं तर पुन्हा निघणं अवघड, म्हणून घाटापुरतं तुमचं म्हणणं योग्य.

पद्धत अशी. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करा. मित्राने गाडीवर बसून दोन्ही पायांनी रेटा द्यायचा, तुम्ही मागून ढकलायचं. पळत्या चालीचा वेग आला की रेस किंचित वाढवून पहिला गिअर ठामपणे टाकायचा. हळू पाय लावला तर नुसता कडकड आवाज येतो आणि गिअरचे दात खातात. वरचे गिअर टाकताना पायाने गिअरवर हलका दाब आधीच ठेवा आणि क्षणभर रेस पूर्ण सोडा, गिअर आपोआप पडतो. खाली येणं जास्त नाजूक आहे. वेग चांगला उतरू द्यायचा आणि मगच गिअर कमी करायचा. थांबायचं असेल तर गाडी सरकत असतानाच न्यूट्रल शोधा.

काही जण पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच सेल्फ मारतात. गाडी झटका देऊन निघते खरी, पण पुढे मित्र, भिंत किंवा दरी असेल तर तो प्रकार करू नका.

मुळात वायर अचानक तुटत नाही. ती क्लचच्या दांडीपाशी, शिशाच्या गोळीला लागून एकेक तार सोडत जाते. निघायच्या आदल्या दिवशी रबर मागे सारून दांडी दाबा आणि त्या जागी बघा. एक जरी तार उभी राहिलेली दिसली तर वायर बदला. लांबच्या सहलीला अनुभवी लोक नवी वायर जुनीच्या शेजारून, त्याच वळणांनी नेऊन, झिपटायने बांधून ठेवतात. जुनी तुटली की दोन्ही टोकं नव्या वायरीची अडकवायची. टाकी काढावी लागत नाही, दहा मिनिटांत काम होतं. नवी वायर जोडल्यावर दांडीच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई ठेवा. अगदी ताठ ठेवली तर क्लच घसरतो आणि चढावर प्लेटा जळाल्याचा वास येतो.

प्रश्न : एकटा असताना गाडी झकास चालते. मित्र मागे बसला की वळणावर तरंगते आणि साठच्या पुढे हँडल थरथरतं. मित्र नव्वद किलोचा आहे. दोष त्याचा की गाडीचा? (कोल्हापूर)

मित्राला दोष देण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली हवा. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे असतात. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआयच्या आसपास लागते; तुमच्या गाडीचा आकडा स्टिकरवरूनच घ्या. पंपावरचा माणूस न विचारता दोन्हीकडे सारखी हवा भरतो, त्याला आकडा सांगा. हवा टायर थंड असताना मोजायची.

दुसरी गोष्ट मागचे शॉक. दोन शॉक असलेल्या गाडीला खाली खाचांची फिरती कडी असते, बहुधा पाच पायऱ्यांची. डबलसीटला ती चौथ्या-पाचव्या पायरीवर न्या. दोन्ही बाजूंची पायरी एकच हवी. एका बाजूला तिसरी आणि दुसऱ्या बाजूला पाचवी असं झालेलं आम्ही गॅरेजमधून बाहेर आलेल्या गाड्यांतही पाहिलंय, आणि अशी गाडी वळणावर तरंगणारच.

तिसरी चेन. एकट्या गाडीवर खालच्या बाजूला मधोमध साधारण २५ ते ३० मिलिमीटर हालचाल असते. मित्र बसला की मागचा भाग दबतो, पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या आसापर्यंतचं अंतर वाढतं आणि चेन ताणली जाते. म्हणून चेन आवळल्यावर मित्राला बसवून पुन्हा एकदा बोटाने हलवून बघा. ढिलाई संपलेली असेल तर ती जास्त आवळली आहे. अशी चेन बेअरिंग खाते आणि खड्ड्यात तुटते.

चौथी गोष्ट म्हणजे हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळू हळू फिरवा. बरोबर मध्ये खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेलाय. तुमच्या थरथरीचं कारण बहुधा हेच असेल, कारण मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि झिजलेला कोनसेट उघडा पडतो. बॅगा मागच्या कॅरिअरवर, आसाच्याही मागे बांधल्या असतील तर तो परिणाम दुप्पट. जड सामान दोघांच्या मध्ये किंवा बाजूच्या बॅगांत, फुटरेस्टच्या जवळ ठेवा.

एवढं करूनही एक हिशेब उरतो. १०० ते १२५ सीसीच्या कित्येक गाड्यांची भारक्षमता १३० किलोच्या आसपास असते. तुम्ही सत्तर किलोचे धरले आणि मित्र नव्वद, म्हणजे सामान न धरताच ती ओलांडली. तुमच्या गाडीचा आकडा माहितीपुस्तिकेत बघा.

आणि मित्रालाही थोडं शिकवा. वळणावर त्याने आतल्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून पुढे बघायचं. शरीर आपोआप गाडीबरोबर झुकतं. घाबरून उलट बाजूला कलला तर गाडी वळणाबाहेर जाते. ब्रेक लागतो तेव्हा त्याने तुमच्या पाठीवर रेलायचं नाही, मागच्या पकडीला धरायचं. सिग्नलला पाय खाली टेकवायचे नाहीत. आणि चढता-उतरताना आधी आवाज द्यायचा. उभी गाडी कलंडते ती बहुतेक मागचा न सांगता उतरतो तेव्हा.

प्रश्न : आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना मित्र गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून सोडतो. म्हणतो पेट्रोल वाचतं. गेल्या वेळी त्याचा डिस्क ब्रेक अर्ध्या घाटात मऊ पडला. (बेळगाव)

मित्राला सांगा की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना आणि रेस पूर्ण सोडलेली असताना, इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतो. म्हणजे गिअरमध्ये उतरूनही पेट्रोल वाचतंच. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलेलं इंजिन उलट थोडं पितं. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाचतं ते काही थेंब.

ब्रेक मऊ पडला याचं कारण उष्णता. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल तापतं, त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि दांडी हँडलपर्यंत येते. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत घसरते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. गाडी कमी चालली असली तरी.

ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे लावायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. दांडी मऊ लागली तर गिअर कमी करत बाजूला थांबा आणि अर्धा तास तरी थांबाच. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

इंजिन आणि चावी दोन्ही बंद केली असेल तर एबीएसही (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद असतं, हे त्याला वेगळं सांगा.

प्रश्न : मित्राचं पेट्रोल संपलं, माझ्या टाकीत भरपूर होतं. काढायचं कसं? त्याने नळी तोंडाने ओढली आणि घोटभर गेलं. (जालना)

गिळलेल्या पेट्रोलवर उलटी करवू नका. उलटीत ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियासारखी सूज येते. खोकला, धाप किंवा गुंगी दिसली तर थेट दवाखाना. एवढ्या धोक्याच्या बदल्यात अर्धा लिटर पेट्रोल हा सौदा वाईट आहे.

तुमची गाडी कार्ब्युरेटरची, कॉकवाली असेल तर काम सोपं : कॉक बंद करा, कार्ब्युरेटरकडची नळी ओढा, तिच्याखाली बाटली धरा, कॉक सोडा. इंजेक्शनच्या गाडीची नळी मात्र काढू नका. तिच्यात साधारण ३ बार दाब असतो, तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडतो. अशा गाडीच्या टाकीच्या तोंडातून हाताने दाबायच्या रबरी फुग्याची नळी घाला. ती ऑटोपार्टच्या दुकानात मिळते, खिशात मावते. पेट्रोल जिच्यातून काढायचं ती गाडी उंचावर, रिकामी गाडी उतारावर. इंजिन गार, आणि विडी-सिगारेट दूर.

इंजेक्शनच्या गाडीला रिझर्व्हचा कॉक नसतो, फक्त दिवा लागतो. दिवा लागल्यावर टाकी कोरडी होईपर्यंत ताणू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. तो जळाला तर घाटात काही इलाज नाही.

प्रश्न : ओढ्यावरच्या फरशीवरून जाताना मित्राची गाडी पाण्यात बंद पडली. त्याने तिथेच चार-पाच वेळा सेल्फ मारला. आता इंजिनातून ठोके येतात. (राजापूर)

सेल्फने नुकसान झालं असण्याची शक्यता मोठी आहे. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आता गाडी चालू न करता गॅरेजमध्ये न्या आणि इंजिन उघडून बघायला सांगा.

पाण्यात बंद पडली की करायचं ते एवढंच. चावी बंद. दोघांनी मिळून ढकलत बाहेर. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर ओला असेल तर पाणी पुढे गेलंय असं धरूनच चाला. प्लग काढा, त्याची टोपी बाजूला ठेवा आणि भोकापासून तोंड लांब ठेवून किक चार-पाच वेळा हळू दाबा. किक नसेल तर वरचा गिअर टाकून गाडी ढकला. पाणी असेल तर भोकातून उडतं. पाणी यायचं थांबल्यावर प्लग पुसून लावा. ऑइलची काच किंवा काडी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

सायलेन्सर पाण्याखाली गेला म्हणून घाबरू नका. इंजिन चालू असेपर्यंत धूर पाणी बाहेर ढकलतो. पण रेस मध्येच सोडली की पाणी आत येतं, म्हणून पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या रेसने जायचं. फरशीची कड दिसत नसेल किंवा पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल, तर कडेला थांबा. कोकणातले ओढे पाऊस थांबल्यावर लवकर उतरतात.

बाहेर आल्यावर दोन्ही ब्रेक हलके धरून थोडं अंतर चालवा. ओले ड्रम पहिल्या दाबाला लागतच नाहीत.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर मित्राने हौसेने गाडी घातली, मागचं चाक आसापर्यंत रुतलं, आणि भरती सुरू झाली होती. काढली कशीबशी, पण पुन्हा असं झालं तर? (अलिबाग)

पुन्हा घालूच नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणं गुन्हा आहे आणि आपल्याकडेही पोलीस कारवाई करतात. पण रुतलीच तर : रेस देणं ताबडतोब बंद. प्रत्येक फेरा तिला आणखी खाली नेतो. इंजिन बंद करून गाडी आडवी पाडा, चाक खड्ड्याबाहेर येतं. खड्डा वाळूने भरून पायाने दाबा, गाडी उभी करा. मागच्या चाकातली हवा १५ पीएसआयच्या आसपास आणा. एकाने शेजारी चालत अगदी हलकी रेस द्यायची, दुसऱ्याने मागून ढकलायचं. बसायचं कुणीच नाही. दोन भरत्यांच्या मध्ये साधारण साडेबारा तास असतात, तेव्हा पाणी चढतंय की उतरतंय हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे घाई करा.

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मडगार्डच्या आतून, चेन, डिस्कचा कॅलिपर, स्टँडच्या स्प्रिंगा. उद्यावर टाकलं तर मीठ आपलं काम सुरू करतं. चेनला वाळल्यावर तेल द्या.

प्रश्न : दाभोळ–धोपावे फेरीबोटीत चढताना मित्र पाडून घेतो. काही युक्ती? (गुहागर)

मागच्याला खाली उतरवा. पहिला गिअर, सरळ हँडल, पुढच्या ब्रेकला हात नाही. ओहोटीला उतारावरच्या शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. बोटीवर गाडी गिअरमध्ये, साइड स्टँडवर, हँडल लॉक करून ठेवा आणि गाडीजवळच उभे राहा. वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा, सगळीकडे हेच.

प्रश्न : बंद पडलेली गाडी मित्राच्या गाडीला दोरी बांधून ओढली तर चालेल का? (सोलापूर)

नको. मागच्या गाडीला झटका बसला की दोघेही पडतात. अगदीच नाइलाज असेल, रस्ता सपाट आणि रिकामा असेल, तर मित्राने आपला पाय तुमच्या मागच्या फुटरेस्टवर ठेवून वीसच्या आत ढकलत न्यावं. सायलेन्सरवर पाय ठेवू नये. घाटात, पावसात किंवा अंधारात हेही नाही; तिथे छोटा हत्ती बोलवा. टेम्पोत पुढचं चाक पुढच्या फळीला टेकवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि दोऱ्या हँडलच्या टोकांना न बांधता खाली टी-च्या भागाला (पुढचे दोन्ही शॉक जोडणाऱ्या आडव्या भागाला) बांधा, पुढचे शॉक अर्धे दबतील इतक्या ताणून.

प्रश्न : मित्र वळणावर पडला तर पहिल्यांदा काय करावं? हेल्मेट काढायचं की नाही? (सातारा)

तुमची गाडी वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी लावा, दिवे लुकलुकत ठेवा. शक्य असेल तर एकाला मागे पाठवून वाहनं हळू करायला सांगा. पडलेल्या गाडीची चावी बंद करा, पेट्रोल सांडत असेल तर कॉक बंद. गाडी उचलण्याची घाई करू नका, आधी माणूस.

तो बोलतोय, श्वास नीट आहे, तर हेल्मेट राहू द्या. काच वर करा, पट्टा सैल करा आणि मान हलवू नका असं सांगा. श्वास थांबलाय किंवा हेल्मेटमध्ये उलटी अडकते आहे, तरच काढायचं, आणि दोघांनी मिळून. एकाने पुढून एक हात मानेच्या मागे आणि दुसरा जबड्यावर ठेवून डोकं स्थिर धरायचं. दुसऱ्याने डोक्याकडून पट्ट्याच्या दोन्ही बाजू बाहेर ओढत, किंचित मागे कलवून, हळू सरकवायचं. नाकाला अडतं तिथे थोडं मागे झुकवा. हेल्मेट निघालं की डोकं खाली पडू द्यायचं नाही, पहिल्याने ते धरूनच ठेवायचं.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पोलिसांसह सर्व मदतीसाठी ११२. ताम्हिणी, वरंध यांसारख्या घाटांत रेंज जाते, म्हणून शेवटचा किलोमीटरचा दगड किंवा गाव लक्षात ठेवायची सवय लावा. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना योजनेत असलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. वाटेतल्या लोकांना हे सांगितलं तर ते जास्त मोकळेपणाने हात लावतात.

प्रश्न : मित्राला माझी गाडी चालवायला दिली आणि काही झालं तर? (नागपूर)

त्याच्याकडे लायसन्स नसेल, तर त्याच्यासोबत तुमच्यावरही कारवाई होते. कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन्स असेल आणि विमा पूर्ण, म्हणजे स्वतःच्या नुकसानीसह असेल, तर गाडीची दुरुस्ती विम्यात बसते. पण पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाचा आहे, मित्राला तो लागू नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्यालाही त्यातून भरपाई मिळेल असं गृहीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. मागे बसणाऱ्यासाठीचं जादा संरक्षण थोड्या हप्त्यात मिळतं, नूतनीकरणाच्या वेळी मागून घ्या.

प्रश्न : मुंबईहून पुण्याला येताना नकाशाने आम्हाला एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी नेलं. मित्र म्हणतो, रात्री कुणी अडवत नाही. (ठाणे)

दुचाकीला मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे–वरळी सागरी सेतू, चारही बंद आहेत, दिवसा आणि रात्रीही. नकाशात दुचाकीचा पर्याय निवडा आणि खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता धरा.